सोयाबीनच्या गाठीतलं नत्र वर चढतंय का? युराइड तपासायची पद्धत

निपाणी, चिकोडी, हुक्केरीच्या काळ्या रानात फुलोऱ्यातलं सोयाबीन उपटलं, की मुळाला गच्च गाठी दिसतात आणि पान मात्र पिवळट. गाठी धरल्या म्हणजे नत्र वर पोचलं, असं धरून चालू नका. गाठीत हवेतल्या नत्रापासून प्युरीन (नत्र असलेलं एक संयुग) तयार होतं, ते मोडून अ‍ॅलन्टॉइन आणि अ‍ॅलन्टोइक आम्ल, म्हणजेच युराइड बनतात. ती पेशीपटलातून आपसूक पार होत नाहीत, त्यासाठी यूपीएस१ (युराइड परमीएज १) ही त्यांना पटलापार नेणारी वाहक प्रथिनं लागतात. सोयाबीनमध्ये ती गाठीच्या सालीत आणि वाहिन्यांभोवती असतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ती दडपली, तेव्हा युराइड गाठीतच साचली आणि पानांना नत्र कमी पडलं. म्हणून गाठ आणि मुळातून खोडात चढणारा रस, दोन्हीकडे मोजायचं.

सकाळी ठरावीक वेळी, ओल असताना जा. खोड जमिनीलगत धारदार पात्याने कापा. पहिला थेंब टिपकागदाने पुसून टाका, त्यात फुटलेल्या पेशींचा रस असतो. बुंध्यावर चार-पाच सेंटीमीटरची घट्ट सिलिकॉन नळी बसवा, अर्धा तास रस जमवा आणि बर्फात ठेवा. त्याच झाडाच्या ०.२ ग्रॅम गाठी ८० टक्के अल्कोहोलमध्ये वाटून, गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून गाळा.

परीक्षानळीत ०.०५ मिली रस आणि २.४५ मिली पाणी घ्या. त्यात ०.५ मिली ०.५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड घालून दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा, मग गार करा. आता ०.६५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ०.३३ टक्के फिनाइल हायड्रॅझीन, प्रत्येकी ०.५ मिली घाला. पुन्हा फक्त दोन मिनिटं उकळा आणि लगेच बर्फात बुडवा, पंधरा मिनिटं. शेवटी बर्फगार १० नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल २ मिली आणि १.६७ टक्के पोटॅशियम फेरीसायनाइड ०.५ मिली. गुलाबी-लाल रंग येतो. दहा मिनिटांनी स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (रंगाची तीव्रता मोजणारं यंत्र) ५२५ नॅनोमीटरवर वाचा. गाठींच्या गाळलेल्या अर्कालाही याच पायऱ्या. तुलनेसाठी १५.८ मिग्रॅ अ‍ॅलन्टॉइन १०० मिलीत विरघळवा (१ मिलीमोलर) आणि त्यापासून ०.०२ ते ०.१० मिलीमोलरची मालिका बनवा. रसाचा आकडा ५० ने गुणा.

बहुतेक घोटाळा शेवटच्या दोन पायऱ्यांत होतो. आम्ल कोमट असलं, की रंग झपाट्याने उडतो. एका वेळी दहापेक्षा जास्त नळ्या घेतल्या, की पहिली आणि शेवटची यांची वेळ जुळत नाही, आणि आकडा झाडाचा न राहता घड्याळाचा होतो. फिनाइल हायड्रॅझीनचं द्रावण त्याच दिवशी बनवा, तपकिरी झालं तर टाका. ते विषारी आहे, शिवाय आम्लाचा धूर येतो. हातमोजे, चष्मा आणि धूरखिडकी (धूर बाहेर खेचणारं प्रयोगशाळेतलं कपाट) हवीच.

गाठीत युराइड भरपूर आणि रसात कमी निघाली, तर वाट अडली असण्याची शक्यता आहे, पण एवढ्यावरून वाहक प्रथिनालाच दोष देऊ नका. रान तुंबलेलं असेल, तर मूळच गुदमरलेलं असतं. दोन्हीकडे कमी निघाली तर गाठ चिरून बघा: आत गुलाबी असेल तर ती जिवंत, हिरवट असेल तर संपलेली. नुकताच युरिया टाकलेल्या रानातला नमुना घेऊ नका. नायट्रेट वाढलं, की युराइड उतरतात. पानातल्या युराइडवर तर मुळीच भरवसा नको, कारण पाऊस ताणला की ती पानात न मोडता साचतात आणि उपाशी झाडही भरल्यासारखं दिसतं.