गुण आहेत, तरी शिष्यवृत्ती अडते : महाडीबीटीच्या अर्जातील या चुका टाळा

दहावीला ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवून अकरावीत आलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला राजर्षी छत्रपती शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्तीतून दरमहा ३०० रुपये, म्हणजे दहा महिन्यांचे ३,००० रुपये मिळतात आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीच्या एकलव्य योजनेत वर्षाला ५,००० रुपये मिळतात. तेथे मात्र कला, वाणिज्य व विधी शाखेला ६० टक्के, विज्ञानाला ७० टक्के गुण आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ७५,००० रुपयांच्या आत, अशा दोन्ही अटी आहेत. रकमा लहान आहेत, पण एसटीचा पास आणि पुस्तके यांचा हिशेब याच पैशावर मांडणारी मुले मी महाविद्यालयाच्या कार्यालयात दरवर्षी पाहतो. अशा योजनांचे अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावे लागतात. अटीत पूर्ण बसणाऱ्या मुलांचेही अर्ज तेथे अडतात, तेव्हा कारण बहुतेक वेळा कागदांवरचे तपशील एकमेकांशी न जुळणे हेच असते.

पहिली गाठ नावाची. आपल्या मंडळाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव येते. आधार कार्डावर आडनाव शेवटी. हा क्रम अधिकाऱ्यांना ठाऊक असतो, त्यामुळे त्यावरून सहसा अडत नाही. अडते ते अक्षरांवरून. ज्ञानेश्वर हे नाव रोमन लिपीत एकाने ‘डी-एन-वाय’ने लिहिले आणि दुसऱ्याने ‘जी-वाय’ने, तर संगणकाच्या दृष्टीने ती दोन माणसे होतात. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी दहावीची गुणपत्रिका आणि आधार शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहावे आणि फरक असेल तर दुरुस्ती सुट्टीतच उरकावी, कारण मुदत संपत आली की आधार केंद्रावरची रांग कोणासाठी थांबत नाही.

सर्वाधिक मनस्ताप मात्र बँक खात्याचा होतो. बँकेत केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खाते आधारशी जोडले गेले, असा जवळपास सर्वांचा समज असतो. प्रत्यक्षात शिष्यवृत्तीची रक्कम आधार क्रमांकावरून पाठवली जाते आणि राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या नोंदीत ज्या बँकेचे नाव सर्वांत शेवटी चढलेले असते, तेथे ती पोहोचते. आमच्याकडील तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा अर्ज मंजूर होता, रक्कम वितरित झाल्याची नोंद होती आणि पासबुक मात्र कोरे होते. ती तीन वेळा बँकेत जाऊन आली. शेवटी माय आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’, म्हणजे आधार कोणत्या बँकेच्या खात्याशी जोडलेले आहे त्याची नोंद, उघडून पाहिले, तेव्हा तेथे भलत्याच बँकेचे नाव होते. नवे सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन एका पेमेंट्स बँकेत तिचे खाते उघडले होते आणि पैसे तेथे जमा झाले होते. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, ती अर्ज भरण्याच्या दिवशीच करावी आणि त्यानंतर नवे खाते उघडताना आधार सीडिंगला विचारपूर्वकच संमती द्यावी.

उत्पन्नाची अट असलेल्या योजनेत तहसीलदारांचाच दाखला लागतो. वडिलांची पगारपावती चालत नाही. दाखला कोणत्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे, ते वाचून घ्यावे. टक्केवारी गुणपत्रिकेवर छापलेली आहे तीच भरावी, ७४.८० चे ७५ होत नाहीत. कागद मोबाईलवर स्कॅन करताना फाइलचा आकार मर्यादेत बसवण्याच्या नादात तहसीलचा शिक्का आणि बारकोड पुसट होतात, आणि तेवढ्यावरून अर्ज परत येतो.

अभ्यासक्रम निवडतानाही घाई नको. एकाच महाविद्यालयात बी.एस्सी. अनुदानित आणि बी.एस्सी. संगणकशास्त्र विनाअनुदानित असू शकते. यादीतील पहिले नाव दाबले की शुल्काचे आकडे जुळत नाहीत. शंका असेल तर प्रवेशाची पावती घेऊन खिडकीपाशी यावे. आम्हाला विचारण्यात कोणताही कमीपणा नाही.

अर्ज ‘सबमिट’ झाला की काम संपले, असे मानणे ही मला सर्वांत जास्त टोचणारी चूक आहे. पुढे तो महाविद्यालयाचे लिपिक, प्राचार्य आणि संबंधित विभागाचे कार्यालय अशा टप्प्यांतून जातो आणि कोणत्याही टप्प्यावर त्रुटीसह परत पाठवला जाऊ शकतो. परत आलेला अर्ज विद्यार्थ्याने दुरुस्त करून पुन्हा पाठवेपर्यंत जागेवरच राहतो. बंद पडलेला मोबाईल क्रमांक दिलेला असेल, तर हे कळायलाही मार्ग उरत नाही. दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती पाहावी; दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज स्वतःहून भरावा, तो आपोआप पुढे जात नाही.

एवढे करूनही अडचण राहिली, तर महाडीबीटीवरील तक्रार व सूचना विभागात अर्जाचा क्रमांक, योजनेचे पूर्ण नाव, शैक्षणिक वर्ष आणि चूक दाखवणारा स्क्रीनशॉट जोडून लिहावे, आणि मिळालेला तक्रार क्रमांक वहीत टिपून त्याच दिवशी महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती लिपिकालाही द्यावा.