मनगट लोंबतंय? आधी तो चेंडू ठेवून द्या

दंडाचं हाड मोडलं, प्लेट बसली, आणि मग लक्षात आलं की पंजा वर उचलतच नाही. हात पुढे केला की मनगट लोंबतं. आम्ही फिजिओ याला रिस्ट ड्रॉप म्हणतो. रेडियल नर्व्ह, म्हणजे मनगट आणि बोटं उघडणाऱ्या स्नायूंची नस, दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून खाली येते, त्यामुळे हाड मधोमध मोडून नस दुखावली तर ती बहुतेकदा हीच असते. हात हलवायला सर्जनची परवानगी मिळालेली आहे असं धरून पुढचं लिहितोय.

पेशंट येतो तेव्हा पिशवीत एक रबरी चेंडू हमखास असतो. कुणीतरी सांगितलेलं असतं, 'दाबत राहा, ताकद येईल.' अहो, मूठ आवळणाऱ्या स्नायूंना काही झालेलंच नाही. ते मीडियन आणि अल्नर नर्व्हवर चालतात. बंद पडलेत ते मनगट आणि बोटं उघडणारे. चेंडू दाबून तुम्ही चालू बाजू आणखी दणकट करता आणि मनगट आणखी खाली खेचता.

स्प्लिंट: मनगट २० ते ३० अंश वर राहील असा कॉक-अप स्प्लिंट, म्हणजे मनगटाला आधार देणारी कडक पट्टी. व्यायाम आणि आंघोळ सोडून घालायचाच.

सांधे: दुसऱ्या हाताने मनगट आणि बोटं एकत्र वर न्या. दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. कंटाळवाणं आहे, पण सांधा आखडला तर नस परत येऊनही उपयोग नाही.

शेक: अंगठ्यामागे जिथे बधिर वाटतं तिथे गरम पिशवी नको. चटका कळत नाही, फोड आल्यावर कळतो.

आता वाट बघायची. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम इंचभर वाढते. नुसती दबलेली असेल तर काही आठवड्यांत जागी होते. आतले धागे तुटले असतील तर पहिल्या स्नायूपर्यंत पोचायला तीन-चार महिने लागतात.

खरी गोची पुढे आहे: स्नायू जागा झाला की नाही हे ओळखणं. सुरुवातीच्या वर्षांत मी इथेच फसलो. एक शिंपीकाका होते. तिसऱ्या महिन्यात त्यांनी बोटं उघडून दाखवली, मी खूश होऊन कागदावर 'सुधारणा' लिहिलं आणि पाच आठवडे तीच कसरत घोटून घेतली. एक दिवस आमच्या सीनियर मॅडमनी काकांचं मनगट आपल्या तळव्यावर सरळ धरलं आणि म्हणाल्या, 'काका, आता उघडा.' बोटांची टोकं सरळ झाली. बोटांच्या मुळाचे सांधे जागचे हलले नाहीत. मनगट खाली पडलं की मागच्या बाजूच्या स्नायूंच्या दोऱ्या ताणून बोटं आपोआप उघडतात, आणि टोकं सरळ करायचं काम तळहातातले छोटे स्नायू करतात. मूठ घट्ट आवळून एकदम सोडली तरी मनगट उसळून वर येतं. यातलं काहीच रेडियलचं नाही. म्हणून तपासताना मनगटाला आधार द्या आणि बोटांच्या मुळाशीच बघा.

सराव कॅरम बोर्डावर करा. खरंच. थोडी पावडर टाका, कोपर वाकवून हात करंगळीच्या कडेवर उभा ठेवा, अंगठा छताकडे. आता पंजाचं वजन उचलावं लागत नाही, नुसतं सरकवायचं आहे. चांगला हातही शेजारी तसाच ठेवून दोन्ही पंजे एकदम मागे, म्हणजे हाताच्या पाठीकडे, न्या. घरच्या कुणाला तरी दोन बोटं कोपराखाली बाहेरच्या बाजूला ठेवायला सांगा. डोळ्यांना दिसण्याआधी तिथे बारीक फडफड लागते. हलत नसेल तर त्यांनीच पंजा मागे नेऊन द्यावा आणि म्हणावं, 'सोडू नका, धरून ठेवा.' ओढण्यापेक्षा धरणं आधी जमतं.

पाच-सहा प्रयत्न, की थांबा. स्नायू दमला की खांदा वर चढतो, हात गोल फिरतो, आणि पेशंटला वाटतं जमलं! तासाभराने पुन्हा बसा. 'जितकं जास्त तितकं चांगलं' हे इथे साफ चूक.

मनगट आधी अंगठ्याकडे तिरकं उचलतं, ते ठीक आहे. तळवा खाली ठेवूनही वर यायला लागलं की टेबलाच्या कडेवरून करा, नंतर हातात पाण्याची छोटी बाटली.

चार महिन्यांतही फडफड नाही? कसरत वाढवू नका, सर्जनकडे जा. वर्ष-दीड वर्ष नस पोचली नाही तर स्नायू कायमचा कामातून जातो. काचेने किंवा सुरीने कापलं असेल तर चार महिनेही थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

अंगठा सगळ्यात शेवटी येतो. काका अकराव्या महिन्यात कात्री घेऊनच आले. कापड सरसर कापत होते, पण दर वेळी पातं उघडायला डाव्या हाताचं बोट मध्ये घालत होते. कापायला मूठ पुरते, उघडायला अंगठा मागे जावा लागतो. मग त्यांचा पुढचा व्यायाम तोच ठरवला: रिकामी कात्री, नुसती उघडायची, पाच वेळा.