अकराशे स्वयंसेवक, मोजले कुणी?

मौखिकीला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णसेवा पथकावरची माझी प्रबंधिका उघडली, पहिल्या प्रकरणातल्या पहिल्याच वाक्यावर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "अकराशे स्वयंसेवक. मोजले कुणी?"

मी म्हटलं, "मॅडम, गांधीजींनीच लिहिलंय."

"हो का? मग पुढचं वाक्य वाचलंत?"

नव्हतं वाचलं. म्हणजे डोळ्यांखालून गेलं होतं, पण आकडा कार्डावर उतरवून झाला होता, मी पान उलटलं होतं. त्या एका पानाने माझे आठ महिने खाल्ले. इतिहासात एम.ए. करताना असल्याच एखाद्या स्वयंसेवी रुग्णवाहिकेच्या किंवा सेवापथकाच्या इतिहासावर लिहायला निघालेल्या पोरापोरींसाठी हे लिहितेय. तळटीपा कशा द्यायच्या, सूची कशी लावायची हे तुमच्या संशोधनपद्धतीच्या पेपरात आहे. ते मी उगाळत नाही.

माझा विषय होता दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीतल्या हिंदी, म्हणजे हिंदुस्थानी, लोकांनी १८९९ मध्ये उभारलेलं रुग्णसेवा पथक, म्हणजे नाताळ इंडियन अॅम्ब्युलन्स कोअर. (मराठीत नुसतं 'नाताळ' शोधाल तर केकच्या पाककृती निघतील. मी पहिला आठवडा त्यातच घालवला. नाव आलंय मात्र खरोखर त्याच सणावरून. वास्को द गामा १४९७ च्या नाताळात त्या किनाऱ्याजवळून गेला होता.)

हा विषय सुचायचं कारण अगदी घरगुती आहे. आमच्या तालुक्याच्या गावी गणपती मंडळाची रुग्णवाहिका आहे, लोकवर्गणीतून घेतलेली. बारावीनंतरच्या सुट्टीत तिच्या पावत्या मी फाडायचे, फोन घ्यायचे आणि मंडळाची स्मरणिका निघाली तेव्हा तिचं मुद्रितशोधनही केलं. त्यामुळे 'लोकांनी मिळून चालवलेली रुग्णसेवा' म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे, असा माझा समज होता. या समजाकडे लक्ष ठेवा, पुढे तोच नडतो.

आधी हकिकत थोडक्यात. ऑक्टोबर १८९९ मध्ये ब्रिटिश आणि बोअर, म्हणजे तिथले डच वंशाचे वसाहतकरी, यांच्यात युद्ध पेटलं. गांधीजी तेव्हा तिशीतले, डर्बनला वकिली करत होते. मनातून सहानुभूती बोअरांबद्दल होती. पण ब्रिटिश प्रजा म्हणून हक्क मागायचे तर कर्तव्यातही मागे राहायचं नाही, अशी त्यांची भूमिका होती. सेवेची तयारी कळवली तेव्हा सरकारने आधी नको म्हटलं. डॉ. बूथ नावाच्या मिशनरी डॉक्टरांनी या मंडळींना शुश्रूषेचे धडे दिले आणि पुढे ते स्वतःही पथकाबरोबर गेले. १५ डिसेंबरला कोलेन्सोला जनरल बुलरच्या ब्रिटिश फौजेने सपाटून मार खाल्ला. जखमी इतके होते की नको म्हणण्याची चैन सरकारला परवडेना. पथकाला बोलावलं. जखमी वाहण्याचं ते काम संपल्यावर पथक पांगवलं आणि जानेवारी १९०० मध्ये पुन्हा बोलावलं.

मग स्पिऑन कॉप टेकडीवरची लढाई. अट अशी होती की पथकाने गोळीबाराच्या टप्प्याबाहेरच काम करायचं. तिथे जखमी पडायला लागल्यावर बुलरचा निरोप आला: तुमच्यावर बंधन नाही, पण आत येऊन माणसं उचललीत तर सरकार ऋणी राहील. हे लोक आत गेले. या पथकातली 'अॅम्ब्युलन्स' म्हणजे माणसांचे खांदे. डोलीत जखमी घेऊन दिवसाला वीस-पंचवीस मैल चालायचं. ब्रिटिशांचा जनरल वुडगेट प्राणांतिक जखमी झाला, त्यालाही यांनीच वाहून नेलं. एकूण काम सहा आठवड्यांचं. बुलरने खलित्यात उल्लेख केला, नायकांना, म्हणजे पथकातल्या म्होरक्यांना, युद्धपदकं मिळाली.

इतकं वाचल्यावर ऊर भरून येतो. माझाही आला. ऊर भरून आला की थांबा. त्या दिवशी लिहू नका. झोपा.

आता ते पुढचं वाक्य. आत्मकथेत गांधीजी सांगतात की पथकात अकराशे जण होते, त्यांत सुमारे चाळीस नायक. आणि लगेच पुढे: सुमारे तीनशे मुक्त (म्हणजे मळ्याच्या कराराने न बांधलेले) हिंदी, बाकीचे गिरमिटिये.

बाकीचे म्हणजे आठशेच्या घरात. दर चारांतले जवळजवळ तीन.

गिरमिट म्हणजे 'अॅग्रीमेंट', हे तुम्हाला माहीत असेल. १६ नोव्हेंबर १८६० ला 'ट्रूरो' नावाचं जहाज मद्रासहून डर्बनला लागलं आणि उसाच्या मळ्यांसाठी पाच-पाच वर्षांच्या करारावर माणसं न्यायला सुरुवात झाली. मलाही हे माहीत होतं. प्रबंधिकेत 'पार्श्वभूमी' म्हणून चार पानं घातली होती. गिरमिटियाने मालकाच्या परवानगीशिवाय मळा सोडला तर तो गुन्हा, त्याला तुरुंग, हेसुद्धा मीच लिहिलं होतं, पान चौदावर. आणि पान एकोणतीसवर लिहिलं होतं की अकराशे हिंदी स्वयंसेवकांनी स्वेच्छेने पथकात नावं नोंदवली. दोन्ही पानं माझीच, मध्ये पंधरा पानांचं अंतर, आणि माझ्या मार्गदर्शकांनाही ते दिसलं नाही, मलाही दिसलं नाही. परवानगीशिवाय फाटकाबाहेर पाऊल टाकता येत नाही तो माणूस युद्धावर 'स्वेच्छेने' कसा गेला?

ही गफलत मी पुन्हा सांगते, कारण ती फक्त माझ्या विषयातली नाही. 'स्वयंसेवक' हा शब्द संख्येला चिकटून येतो. वर्तमानपत्री लेखात, भाषणात, शाळेच्या भिंतीवरच्या फलकावर 'अकराशे स्वयंसेवक' असं एकाच घासात येतं आणि आपण ते तसंच गिळतो. करायचं असं: संख्या सोडवा. कोण स्वतःहून आला, कुणाला पाठवलं, कुणाला मोबदला मिळाला, कुणी नुसते पैसे दिले, असे चार रकाने कागदावर आखा आणि मगच पेन उचला. नाताळच्या पथकात हे चारही आहेत. सह्या करून सेवेची तयारी कळवणारे नायक, त्यांत बॅरिस्टर आणि हिशेबनीस. त्यांनी वेतन घेतलं नाही. मग मुक्त हिंदी, गवंडी, सुतार, मजूर. मग मळेवाल्यांकडून आलेले गिरमिटिये. आणि व्यापारी, जे बहुतेक स्वतः गेले नाहीत पण त्यांनी पैसा आणि सामान पुरवलं. या सगळ्यांना एकच शब्द लावला की सगळ्यात कमी बोलता येणारा माणूस त्यात बुडतो.

आणि हे मला कळायला हवं होतं हो! आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत देणगीदारांची नावं रकमेसकट होती, नारळ फोडतानाचा फोटो होता, कार्यकारिणी होती, 'आमचे स्वयंसेवक' म्हणून चाळीसेक नावं होती. त्यांतले निम्मे गणपती सोडून कधी फिरकले नव्हते. रात्री दोनला उठून घाटातून गाडी काढणाऱ्या ड्रायव्हरकाकांचं नाव नव्हतं. त्यांनी अंक हातात घेऊन विचारलं, "ताई, मी कुठंय यात?" मी म्हटलं, "काका, तुम्हाला फेरीमागे पैसे मिळतात ना. ही यादी स्वयंसेवकांची आहे." ते काही बोलले नाहीत. काच पुसायला गेले.

तिथे पैसे घेणाऱ्याला मी यादीतून वगळलं आणि इथे ज्यांना नाही म्हणायची सोयच नव्हती त्यांना यादीत कोंबलं. दोन्हीकडे मी शब्दाला प्रश्न विचारला नाही.

बरं, दुरुस्ती करताना दुसऱ्या बाजूला कलंडले. बाईंनी प्रबंधिका परत पाठवली, तेव्हा मी चिडून सगळीकडे 'सक्तीने आणलेले वेठबिगार' करून टाकलं. तीन महिन्यांनी परत लाल रेघ: "सक्ती केली याचा पुरावा?" तोही नव्हता. सगळेच ओढून नेलेले, असं म्हणायलाही कागद लागतो. एखाद्याला मळ्यापेक्षा छावणी बरी वाटली असेल, एखाद्याला मुकादमाने नुसतं बोट दाखवलं असेल. शेवटी वाक्य उरलं ते असं: 'पथकात सुमारे अकराशे जण होते, त्यांपैकी सुमारे तीनशे मुक्त हिंदी, बाकीचे मळ्यांवरून आलेले गिरमिटिये.' एवढंच. आठ महिन्यांची कमाई ही.

घाबरू नका, एवढ्यावर कुणी नापास करत नाही. मी पास झाले. बऱ्यापैकी गुणही मिळाले.

साधनांबद्दल थोडं. दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाचा इतिहास गांधीजींनी लिहायला घेतला तो नोव्हेंबर १९२३ मध्ये, येरवड्याच्या तुरुंगात, मुख्यतः आठवणीवर. म्हणजे घटनेनंतर चोवीस वर्षांनी. आत्मकथा त्याहून उशिराची, १९२५ पासून साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने आलेली. मी दोन वर्षं पुण्यातल्या पीएमटीच्या बसने येरवड्यावरून जात होते आणि खिडकीतून कारागृहाची भिंत बघत होते, पण हे मला मौखिकीनंतर कळलं. आठवण खोटी असते असं नाही. पण १८९९-१९०० चीच पत्रं आणि टिपणं गांधीजींच्या समग्र वाङ्मयाच्या तिसऱ्या खंडात आहेत, ती आधी वाचा, मग आठवणी. उलट क्रमाने वाचलंत तर आठवणीतली गोष्ट डोक्यात बसते आणि पत्रातलं दिसतच नाही. आणखी एक: समग्र वाङ्मयाच्या दोन आवृत्त्या फिरतात. जुनी छापील शंभर खंडांची आणि नंतरची, जिच्यावर वाद होऊन ती मागे घ्यावी लागली. दोन्हींचे खंडक्रमांक जुळत नाहीत. जुनीच वापरा आणि तसं लिहा.

फोटोंपासून जपा. १८९९ च्या पथकाचा म्हणून जो फोटो सगळीकडे दिसतो त्यात वीसेक माणसं आहेत. अकराशे कुठे आणि वीस कुठे! १९०६ च्या, नाताळातल्या झुलू लोकांच्या बंडातलं पथक वेगळं. ते फक्त चोवीस जणांचं, गांधीजी त्यात सार्जंट मेजर, आणि त्यांनी शुश्रूषा केली ती मुख्यतः झुलूंची, ज्यांच्या जखमा गोऱ्या परिचारकांना साफ करायच्या नव्हत्या. अनेकांच्या अंगावर गोळ्यांच्या नव्हे, फटक्यांच्या जखमा होत्या. त्यावर कुणीतरी स्वतंत्र प्रबंधिका लिहावी. जोहान्सबर्गचं हिंदी स्मारकही आपल्या पथकाचं समजू नका. ते हिंदुस्थानातून गेलेल्या फौजेतल्या माणसांचं आहे.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत आवडणार नाही, तरी सांगते. मोठ्या नावाच्या मागे लागू नका. ज्यांच्या दारात दहा विद्यार्थी उभे असतात ते तुमचं चौदावं आणि एकोणतिसावं पान एकाच दिवशी वाचणार नाहीत. पेन्सिलीने खरडून परत देणारा, जरा खवट, गावाकडच्या कॉलेजातला मास्तर मिळाला तर पाय धरा. आणि विद्यापीठाबाहेरच्या टायपिंग सेंटरवर तयार प्रबंधिका मिळतात, हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या आधीच्या वर्षी एकाने घेतली होती. त्यातही 'अकराशे स्वयंसेवक' होते.

मराठी माध्यमातून आला असाल तर इंग्रजी साधनांना भिऊ नका. पहिलं पत्र वाचायला मला अख्खा दिवस लागला. पंधरावं अर्ध्या तासात झालं. सही-शिक्क्याची सरकारी भाषा तीच तीच असते, सवय होते. फक्त कार्ड करताना आकड्याच्या आधीचं एक आणि नंतरचं एक वाक्य पूर्ण उतरवून घ्या. हात दुखेल. दुखू दे.

एक काम मला करायचं होतं, ते राहिलं. नाताळला उतरलेल्या प्रत्येक गिरमिटियाची जहाजाच्या यादीत नोंद व्हायची: क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, गाव. त्या नोंदींशी पथकातली माणसं जुळवून पाहायची, निदान एका मळ्यापुरती तरी. मी दोनशे नोंदी केल्या आणि अडकले. इंग्रज कारकुनाने कानाला लागेल तसं लिहिलेलं, एकेका जहाजावर कितीतरी रामसामी. तिथले गोरे तर हिंदी माणसाला सरसकट 'सामी'च म्हणायचे. हे काम घ्यायचं असेल तर तमिळ आणि तेलुगू जाणणारं कुणीतरी सोबत घ्या. माझी दोनशे कार्डं आहेत, ती देईन.