स्कुबा रेग्युलेटरला घरी ग्रीस लावताय? आधी या चुका टाळा

विदर्भाला समुद्र नाही, पण स्कुबाचे, म्हणजे पाण्याखाली श्वास घ्यायचे, सेट आहेत. वैनगंगेत, वर्धेत, पैनगंगेत कुणी बुडालं, विसर्जनाच्या दिवशी पोट्टे खोल पाण्यात गेले, की जवळच्या शोध-बचाव पथकाला फोन जातो. सेट कधी देणगीतून आलेला असतो, कधी जुना विकत घेतलेला. त्याची सर्व्हिसिंग जाणणारी माणसं मात्र मुंबई-गोव्याकडे. मग जो गडी सबमर्सिबल मोटर खोलतो, तोच सिलिंडरची हवा तोंडापर्यंत आणणारा रेग्युलेटरही खोलून बसतो. त्याचा हात चांगला असतो. सवयी मात्र मोटरच्या असतात.

तसं पाहिलं तर मेकॅनिकला हे यंत्र ओळखीचं वाटावं यात नवल नाही. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्याँ यांनी पाण्याखालचा हा श्वासयंत्राचा प्रकार सिद्ध केला, तेव्हा गान्याँचा मूळ रेग्युलेटर महायुद्धात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी गॅसवर चालवण्यासाठी बनवलेला होता. पण मोटार बंद पडली तर माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहतो. इथे तो पाण्याखाली असतो.

ग्रीस म्हणजे औषध नव्हे

सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाब असतो. रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा भाग, म्हणजे फर्स्ट स्टेज, तो उतरवून भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा ९ ते १० बार जास्त ठेवते, आणि तोंडातली सेकंड स्टेज तो भोवतालच्या दाबाइतका करून श्वास देते. हवा अडवायचं खरं काम दोन छोट्या सीट, म्हणजे व्हॉल्व बंद होताना टेकतो त्या चकत्या, करतात. त्या कोरड्याच राहिल्या पाहिजेत. तिथे ग्रीस गेलं की त्यावर गाळाचा कण चिकटतो, सीटवर ओरखडा पडतो आणि हवा सुटू लागते. म्हणजे गळती थांबवायला लावलेलं ग्रीसच गळती करतं.

चाकाचं ग्रीस, इंजिन ऑइल, व्हॅसलिन, खोबरेल, गंज सोडवणारा स्प्रे यांतलं काहीही नको. पेट्रोलियमच्या ग्रीसने काही ओ-रिंगांचं (जोडात बसणाऱ्या गोल रबरी कड्यांचं) रबर फुगतं, नरम पडतं. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. २०० बारच्या साध्या हवेतसुद्धा ऑक्सिजनचा वाटा ४२ बारच्या आसपास जातो, आणि सिलिंडरचा व्हॉल्व झटक्यात उघडला तर आत दाबली जाणारी हवा एकदम तापते. तेल, दाब आणि उष्णता एका जागी आणायचीच कशाला? व्हॉल्व नेहमी सावकाश उघडा. ऑक्सिजन वाढवलेलं मिश्रण वापरत असाल तर फक्त ऑक्सिजनला चालणारं ग्रीस, ख्रिस्टोल्यूब किंवा ट्रायबोल्यूबसारखं. माझ्या मते साध्या हवेवरही तेच ठेवावं. महाग आहे खरं, पण लागतं अगदी थोडं.

किती थोडं? ओ-रिंग नुसती चमकली पाहिजे. बोटाला ग्रीसचा गोळा दिसला तर पुसून काढा. घरच्या घरी ग्रीस लावायच्या जागाही मोजक्याच: डीआयएन जोडाची (सिलिंडरच्या व्हॉल्वमध्ये आट्यांनी बसणाऱ्या जोडाची) ओ-रिंग, होज पाइपच्या टोकाच्या ओ-रिंगा. जुनी ओ-रिंग सुईने किंवा सेफ्टी पिनने उचकटू नका. खाचेत पडलेला बारीक ओरखडा नवी ओ-रिंगही झाकत नाही. पितळेचा किंवा प्लॅस्टिकचा हूक घ्या.

आणखी एक गंमत म्हणजे सिलिकॉन ग्रीस सिलिकॉन रबरलाच मानवत नाही. सेकंड स्टेजचा डायफ्राम (श्वास ओढला की आत वाकणारा पातळ पडदा) आणि श्वास बाहेर सोडणारा पातळ व्हॉल्व बहुधा सिलिकॉनचे असतात. ते ग्रीसने फुगतात, वाकडे बसतात, आणि मग प्रत्येक श्वासाबरोबर तोंडात पाणी येतं.

धुताना होणारी चूक

गोडं पाणी आहे, मग धुवायचं काय, असं पुष्कळ जण म्हणतात. आपल्या नद्यांचं पाणी गोडं, पण काळ्या मातीचा गाळ पिठासारखा बारीक असतो. तो श्वास सोडायच्या व्हॉल्वखाली जाऊन बसतो. पिस्टनवाल्या फर्स्ट स्टेजला बाहेरून भोकं असतात, गाळ त्यांतून आत शिरून सुकतो. म्हणून गढूळ पाण्यात काम करणाऱ्यांनी नवा सेट घेताना बाहेरून सील असलेली, पिस्टनऐवजी डायफ्रामची फर्स्ट स्टेज घ्यावी असं मी सांगेन.

अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या खारपाणपट्ट्यात तर धुण्याचं पाणीच खारं. बोअरच्या पाण्याने धुतलं आणि वाळवलं की पांढरा थर राहतो. शेवटचं पाणी तरी आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं वापरा.

सगळ्यात सुरक्षित म्हणजे सिलिंडरला जोडून, हवा चालू ठेवून धुणं. आत दाब असला की पाणी शिरत नाही. सुटा धुवायचा असेल तर डस्ट कॅप आधी कोरडी करा, घट्ट बसवा आणि सेकंड स्टेजवरच्या पर्ज बटणाला (हवा सोडायच्या बटणाला) हात लावू नका. बटण दाबलं की व्हॉल्व उघडतो आणि पाणी होजमधून थेट फर्स्ट स्टेजपर्यंत जातं. चकाकीसाठी चिंच-मीठ घासणं तर पूर्ण बंद. त्यावरचा क्रोमचा थर देवाच्या समईचा नाही. मृतदेह काढण्याच्या कामानंतर माउथपीस साबणाच्या पाण्याने वेगळा धुवा. एकच सेट चार जण तोंडात धरत असतील तर प्रत्येकाचा माउथपीस वेगळा ठेवा. तो झिप टायने बसतो, बदलायला फार खर्च नाही.

फुसफुस कुठून येते ते आधी ऐका

हवा चालू करताच सेकंड स्टेज फुसफुसली तर दोष बहुधा तिथलाच. दोन-तीनदा पर्ज करून थांबली तर कण अडकला होता. पण सुरुवातीला गप्प असते आणि काही मिनिटांनी फुसफुस सुरू होते, तेव्हा फर्स्ट स्टेजची सीट दाब धरत नाहीये. दोन स्टेजमधला दाब चढत जातो आणि सेकंड स्टेज तो सोडून देते. अशा वेळी सेकंड स्टेजचा स्क्रू आवळून आवाज बंद करणं ही सर्वांत धोक्याची चूक. आवाज गेला, दोष तसाच राहिला. हवा भरायच्या जॅकेटच्या इन्फ्लेटर होजला लागणारा दाबाचा छोटा गेज घ्या. काटा ९-१० बारवर येऊन स्थिर राहिला तर ठीक, वर सरकत राहिला तर सेट बाजूला.

फर्स्ट स्टेजच्या होज जोडातून बुडबुडे येत असतील तर दाब पूर्ण सोडून ओ-रिंग बदला. तिच्याच भोकांतून येत असतील तर आतली ओ-रिंग गेली, बाहेरून पाना मारून काही होणार नाही. दाब असताना पाना लावायचाच नाही.

श्वास घेताना पाणी येतं? सेट बंद सिलिंडरला लावा, पर्ज करून आतली हवा काढा, मग माउथपीसमधून ओढून पाहा. हवा येत राहिली तर डायफ्राम किंवा श्वास सोडायचा व्हॉल्व गळतोय. फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी असलेला फिल्टरही टॉर्च मारून बघा: हिरवट असेल तर आत पाणी शिरलंय, तांबूस असेल तर लोखंडी सिलिंडर आतून गंजतोय. सिलिंडरची तपासणी हा वेगळाच विषय, पण त्याचे नियम पाहणाऱ्या पेसोचं, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचं, मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं.

शेडमध्ये

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या शेडमध्ये त्याहून जास्त. तिथे खुंटीला होजवर टांगलेला रेग्युलेटर पावसाळ्यात कामी येईल ही आशा सोडा: रबर कडक होतं, होज जोडापाशी चिरतो. उंदीर होज कुरतडतात, झुरळं माउथपीसमधून आत जातात. झाकणाच्या डब्यात, सैल वेटोळं करून, घरातल्या गार खोलीत ठेवा. डांबर गोळ्या त्या डब्यात नकोत, तो वास रबरात मुरतो आणि श्वासात येतो.

फर्स्ट स्टेज आतून खोलणं मात्र घरचं काम नाही. त्या मॉडेलचा सर्व्हिस किट, कंपनीचं मॅन्युअल, टॉर्क पाना आणि दाबाचा गेज, यातलं एक जरी नसेल तर ती कुरिअरने पाठवा, आणि पाठवण्याचा काळ जानेवारी-फेब्रुवारी ठेवा. जूनमध्ये पाठवली तर पूर आधी येईल.