रेट कार्ड बदलायच्या आधी: वाळवण ऑनलाइन विकणाऱ्यांची तयारी

नव्या दरांचा मेल नेमका हंगामात येतो. गेल्या चैत्रात आमच्या अमळनेरच्या गच्चीवर नागलीचे पापड आणि ज्वारीचे बिबडे वाळत होते, खाली उडदाचं पीठ कुटणं चाललं होतं, आणि फोनमध्ये इंग्रजीतला एक लांबलचक मेल पडून होता. तो मी तीन आठवड्यांनी वाचला. ज्या कंपनीवर आम्ही विकतो तिने शिपिंगच्या दराचे वजनानुसारचे टप्पे बदलले होते आणि ते लागूही झाले होते. त्या तीन आठवड्यांत गेलेलं प्रत्येक पाकीट आम्ही पदरचे पैसे घालून विकलं. आमच्या पापड लाटणाऱ्या गटातल्या मावशींना हिशेब दाखवला तर त्या एवढंच म्हणाल्या, "माल आमना, नि भाव त्यासना?" मला उत्तर देता आलं नाही. घरगुती माल ऑनलाइन विकणाऱ्या ताई-दादांवर ही वेळ येऊ नये, म्हणून आम्ही आता काय तयारी ठेवतो ते इथे सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी, आज चालू असलेलं रेट कार्ड, म्हणजे कंपनीच्या फीचं दरपत्रक, पीडीएफ करून ठेवा किंवा त्याचे स्क्रीनशॉट काढा, तारखेसकट. नवं कार्ड आलं की जुनं पानावरून नाहीसं होतं, मग काय वाढलं हे सिद्धच करता येत नाही. मेलमध्ये तीन गोष्टी शोधा: लागू होण्याची तारीख, ती ऑर्डरच्या दिवसाला धरायची की माल पाठवल्याच्या दिवसाला, आणि कोणती फी बदलली. कमिशन तसंच ठेवून इतर आकार वाढवणं ही नेहमीची रीत आहे. "शून्य कमिशन" वाचूनही लगेच हुरळून जाऊ नका. अॅमेझॉनने एप्रिल २०२५ मध्ये ३०० रुपयांच्या आतल्या बऱ्याच वस्तूंवरचं कमिशन काढलं आणि फ्लिपकार्टने नोव्हेंबर २०२५ मध्ये १,००० रुपयांच्या आतल्या मालावरचं. लहान विक्रेत्याला याचा फायदा आहेच, पण कमिशन गेलं म्हणजे शिपिंग गेलं असं होत नाही. हे फक्त आपल्याकडे घडतं असंही नाही. हाताने केलेल्या वस्तूंसाठी जगभर चालणाऱ्या एट्सीने विक्रीवरची फी २०१८ मध्ये साडेतीन टक्क्यांवरून पाच केली आणि एप्रिल २०२२ मध्ये साडेसहा. तेव्हा हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर दुकानं बंद ठेवली, तरी दर वाढले ते वाढलेच.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे, पण सगळी तयारी त्यावरच उभी आहे: एका पाकिटाचा हिशेब. महिन्याची विक्री बघून समाधान मानू नका, ते आकडे फसवतात. समजा, अर्धा किलो नागलीचे पापड २६० रुपयांना विकले. जिथे अजून कमिशन घेतात तिथे ते ८ टक्के धरलं तर २० रुपये ८० पैसे, ठरावीक फी २५, शिपिंग ६५, म्हणजे ११० रुपये ८० पैसे. या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो १९ रुपये ९४ पैसे. एकूण कापले गेले १३० रुपये ७४ पैसे, हातात आले १२९ रुपये २६ पैसे. नागली, मीठ-मसाला आणि लाटणीची मजुरी मिळून ११२, पिशवी-खोका-टेप १४. उरले तीन रुपये सव्वीस पैसे. आता शिपिंग फक्त १२ रुपयांनी वाढवा. जीएसटीसकट ते १४ रुपये १६ पैसे होतात आणि प्रत्येक पाकिटामागे जवळजवळ अकरा रुपये घरातून जातात. वर परत येणारा माल आहेच. वीस पाकिटांमागे एक परत आलं आणि त्यात दीडशे रुपये बुडाले, तर प्रत्येक पाकिटावर आणखी साडेसात रुपये चढवून ठेवा.

फीवरचा जीएसटी परत मिळतो असं कुणी सांगेल. नोंदणी असेल आणि माल करपात्र असेल तर त्याचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून वजावट, मिळतं, पण पापडावर जीएसटी शून्य आहे आणि करमुक्त मालासाठी भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही. म्हणून पापड विकणाऱ्याने ते १८ टक्के खर्चातच धरावेत. मसाला करपात्र आहे, म्हणून तो विकणाऱ्याचं गणित वेगळं. त्याच्या रकमेतून टीसीएस, म्हणजे कंपनी आपल्या नावाने सरकारकडे भरते तो जीएसटीचा भाग, कापला जातो. जुलै २०२४ पासून तो एक टक्क्यावरून अर्धा टक्का झाला. आयकराचा टीडीएस ऑक्टोबर २०२४ पासून एक टक्क्यावरून ०.१ टक्का झाला. हे दोन्ही पैसे आपलेच असतात, ते आपल्या खात्यावर जमा दिसतात का ते तपासून मागून घ्या. पॅन जोडलेला नसेल तर टीडीएस ५ टक्के कापतात, तेव्हा ते काम आजच उरका.

आता खोका. खान्देशातला माल हलका आणि फुगीर आहे: कुरडया, बिबडे, केळीचे वेफर्स. कुरिअरवाला काट्यावरचं वजन आणि आकारावरून काढलेलं वजन यांतलं जे जास्त ते धरतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायचं. आमचा कुरडईचा खोका ३० बाय २५ बाय २० होता. आत माल एक किलो, आकारणी तीन किलोची! हे कळल्यावर गटाने कुरडई घालायची पद्धतच बदलली. पूर्वी ताटलीएवढी घालायचो, आता वाटीएवढी घालतो. ती एकावर एक नीट बसते आणि तुटतही कमी. खोक्याची उंची १२ वर आली, आकाराचं वजन १.८ किलोवर. नवं रेट कार्ड आलं की आधी टप्प्यांच्या सीमा बघा. दोन सेंटिमीटर कमी केल्याने खालचा टप्पा मिळत असेल तर खोकेवाल्याकडे नवं माप द्या, आणि जुन्या मापाची हजार खोक्यांची ऑर्डर आधीच देऊन बसू नका. पॅक केलेला खोका काट्यावर ठेवून, शेजारी टेप धरून फोटो काढायची सवय लावा. वजनाचा वाद निघाला की तोच कामी येतो. पॅकिंगचा आणि परत आलेला खोका उघडतानाचा सलग व्हिडिओही ठेवा. नुकसानीचा क्लेम करायची मुदत नव्या अटींमध्ये कधीकधी गुपचूप कमी झालेली असते, ती वाचून भिंतीवर लिहा.

तारखांचंही तसंच. नोव्हेंबर २०२४ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, ऑनलाइन कंपन्यांना सांगितलं की खाद्यपदार्थ ग्राहकाच्या हातात पडताना मुदतीचे किमान ३० टक्के किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत. आपला माल वैशाखात होतो आणि दिवाळीपर्यंत विकला जातो. सगळा एका तारखेचा करून कंपनीच्या लांबच्या गोदामात भरून ठेवला तर शेवटचा ढीग अडकतो आणि वर साठवणुकीची फी पडते. घाण्यागणिक वेगळी तारीख टाका, गोदामात थोडाच माल पाठवा.

पैसे किती दिवसांनी मिळतात हेही बदलतं. सात दिवसांचे चौदा झाले तर आपल्याला वाटतं, मिळतील ना शेवटी. पण लाटणाऱ्या बायकांना मजुरी शनिवारी लागते, किराणा उधार मिळत नाही. आम्ही आता तीन आठवड्यांची मजुरी बँकेत वेगळी ठेवतो आणि तिला हात लावत नाही. तोटा दिसला की पहिला सल्ला मजुरी कमी करायचा मिळतो. आम्ही तो ऐकलेला नाही. चार पैशांसाठी कंपनीशी भांडता येत नाही म्हणून ते उन्हात बसलेल्या बाईच्या हातातून काढायचे, हे मला मान्य नाही. त्याऐवजी किंमत वाढवा, दोन पाकिटांचा जोड करून एकच शिपिंग पाडा, आणि तरीही जमत नसेल तर ती वस्तू तिथून काढून टाका. आम्ही बिबडे काढले. विक्री घटली, पण त्या महिन्यात पैसे उरले.

काढलेली वस्तू विकायची कुठे, हे आधी ठरलेलं हवं. आपली माणसं पुण्या-नाशकात आहेत, सुरतेत तर घरोघरी आहेत, आणि अमळनेरहून सुरतेला थेट गाडी जाते. व्हॉट्सअॅपवर यादी, यूपीआयने पैसे, स्पीड पोस्टाने पार्सल, एवढ्यावर आमचा बराच माल जातो. इथे एक खाचखळगा आहे. ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्याला ऑनलाइन कंपन्यांमार्फत विकता येतं, पण फक्त राज्यातल्या राज्यात. करपात्र मसाला नवापूरची हद्द ओलांडून सुरतेला पाठवायचा असेल तर आधी कर सल्लागाराला विचारा. ग्राहकांचे नंबर कंपनी देत नाही आणि खोक्यात जाहिरातीची चिठ्ठी टाकणं अनेकदा अटींत बसत नाही. पण पाकिटावर उत्पादकाचं नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी फोन छापणं कायद्यानेच बंधनकारक आहे. तो फोन मोठ्या, स्वच्छ मराठी अक्षरांत छापा. ज्याला पापड आवडला तो स्वतःहून फोन करतो, आम्हाला करतात.

तक्रार करायचीच तर एकट्याने करू नका. ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार, एकाच प्रकारच्या मालात काही विक्रेत्यांना वेगळी वागणूक दिली जात असेल तर कंपनीने ते अटींमध्ये सांगायला हवं. आपला माल कंपनीच्या यादीत अचानक खाली गेला तर नियमाचा उल्लेख करून लेखी विचारा, तक्रारीच्या टिकिटाचा नंबर जपा. दिल्लीच्या व्यापारी महासंघाने मिळून तक्रार केली तेव्हा स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये दोन मोठ्या कंपन्यांच्या चौकशीचा आदेश दिला होता. तालुक्यातल्या दहा गटांची एकच सहीची यादी करायला एक दुपार पुरते.

आणि मेल वाचायचं काम नेमून द्या. आमच्याकडे दर सोमवारी सकाळी मी आणि बारावीत शिकणारी एका सदस्याची मुलगी मिळून कंपनीचे सगळे मेल उघडतो, न कळलेला शब्द तिथेच शोधतो, आणि तारीख असेल तर गच्चीच्या दाराजवळच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहितो. उडीद आणि नागलीची घाऊक खरेदी आम्ही त्या तारखेनंतरच करतो.