गोल्डफिशसाठी भांडं निवडताना या चुका टाळा

घरी आणलेला गोल्डफिश आठवडाभरात मेला की लोक म्हणतात, मासाच नाजूक होता. तसं नाही. रोहू-कटला ज्या कुळातले, त्याच कुळातला हा दणकट मासा आहे. नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. फॅन्सी, म्हणजे गुबगुबीत अंगाच्या जाती जवळपास वीतभर वाढतात, साधा लांबट गोल्डफिश फूटभरही होतो. दुकानातला बोटभर मासा म्हणजे पिल्लू असतं, हे लक्षात ठेवूनच भांडं निवडा.

काचेचा गोल बाऊल

सगळ्यात जास्त मासे यातच मरतात. बाऊलमध्ये जेमतेम तीन-चार लिटर पाणी मावतं. गोल्डफिश कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतो आणि एवढ्याशा पाण्यात तो भराभर साठतो. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे पाणी नितळ असूनही माशाचे कल्ले जळत राहतात. त्यात बाऊल गळ्यापर्यंत भरायची सवय. पाण्यात ऑक्सिजन विरघळतो तो वरच्या पृष्ठभागातून, आणि निमुळत्या गळ्यापाशी तो पृष्ठभागच आकसतो. रोम शहराने २००५ मध्ये गोल बाऊलवर बंदी घातली ती उगाच नाही.

मासा सकाळी वर येऊन तोंडाची उघडझाप करतोय? त्याला भूक लागली असं समजून खाणं टाकू नका, तो श्वासासाठी धडपडतोय. आज घरात बाऊलच असेल तर तो फक्त पोटापर्यंत, म्हणजे सगळ्यात रुंद भागापर्यंत भरा. क्लोरीन काढलेल्या, तेवढ्याच तापमानाच्या पाण्याने रोज तिसरा हिस्सा बदला, खाणं कमी करा आणि मोठ्या टाकीची सोय लगेच करा. तोवर साधा मोठा प्लास्टिकचा टब चालेल. दिसायला साधा, पण माशासाठी बाऊलपेक्षा कितीतरी चांगला.

तांब्याचं घंगाळ, पितळी उरळी

दिवाणखान्यात शोभून दिसतं, पण तांबं माशांना विषारी असतं आणि पितळेतही तांबं असतंच. त्यात फुलं तरंगवा, मासे सोडू नका. सिमेंटचं नवं टाकंही लगेच वापरू नका, त्यातला चुना पाण्यात उतरतो. आधी काही आठवडे पाणी भरून, बदलून ते मुरू द्या.

उंच, अरुंद टाकी

उंचीपेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची. २ × १ × १ फुटाच्या टाकीत कागदावर सुमारे ५५ लिटर पाणी बसतं, खडी आणि वरची मोकळी जागा सोडली की त्याहून कमी. ती एका लहान फॅन्सी माशाला काही काळ पुरेल, दोघांना नाही. पहिल्या फॅन्सी माशाला ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर धरा. फेंगशुईच्या नावाखाली आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे एकत्र ठेवायचे तर जवळपास ४०० लिटरची टाकी लागेल. तेवढी जागा नसेल तर कृपा करून मासे कमी आणा.

टाकी आणि मासे एकाच दिवशी

अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीतलं पाणी दुधाळ झालं की घाबरून सगळं ओतून देऊ नका. पाव हिस्सा बदला आणि टेस्ट किटने अमोनिया पाहा, तो शून्य हवा. स्पंज नळाखाली धुतला तर क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळून घ्या.

हा थंड पाण्याचा मासा आहे, १८ ते २४ अंश त्याला मानवतं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये टाकी खिडकीतल्या उन्हापासून लांब ठेवा आणि एअर पंप रात्रीही चालू ठेवा. वीज जात असेल तर बॅटरीवरचा पंप जवळ असू द्या.