गोडी छाटणी: कात्रीचे हातमोजे वेगळे, पेस्टिंगचे वेगळे

नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्षपट्ट्यात गोडी छाटणी (फळांसाठीची ऑक्टोबरच्या सुमाराची छाटणी) सुरू झाली की छाटणी आणि पेस्टिंग (काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना बोळ्याने औषध लावणे) ही कामे दोन दिवसांत पाठोपाठ उरकावी लागतात. टोळी तीच असते आणि बऱ्याच बागांत हातमोजेही तेच. गफलत इथेच होते. छाटणीचा विणलेला मोजा पेस्टिंगचे औषध, म्हणजे हायड्रोजन सायनामाईड, शोषून घेतो आणि काम संपेपर्यंत कातडीला चिकटवून ठेवतो. सुती आणि चामडी मोजेही तसलेच.

छाटणीत इजा होते ती बहुधा काडी धरलेल्या हाताला. त्यासाठी तळव्याला नायट्राईल (कृत्रिम रबर) किंवा पीयूचा (पॉलियुरेथेन) थर असलेला, पाठीकडून हवा खेळणारा मोजा घ्यावा. त्यावर हातोड्याचे चिन्ह आणि ‘ईएन ३८८’ (कापणे-घासणे यांपासून संरक्षणाचे युरोपीय मानक) असते, खाली ‘४एक्स४२सी’ असा काहीतरी संकेत. पहिला आकडा घासण्याचा, दुसरा कापण्याचा, तिसरा फाटण्याचा, चौथा टोचण्याचा. एक्स म्हणजे ती चाचणी झालेली नाही. शेवटचे अक्षर कापण्याच्या दुसऱ्या, अधिक भरवशाच्या चाचणीचे. ए सर्वांत कमी, एफ सर्वांत जास्त. छाटणीला बी किंवा सी पुरे. मात्र पात्यांमध्ये बोट सापडले तर हा मोजा वाचवेलच असे नाही. तो झेलतो ते ओझरते घासणे.

पेस्टिंगला अस्तर नसलेला नायट्राईल मोजा लागतो: जाडी सुमारे ०.३८ मिमी (दुकानात १५ मिल म्हणतात), लांबी निदान ३३ सेंमी. दवाखान्यातला पातळ मोजा याच्या साधारण चौथाई जाडीचा असतो. तारेला घासला की गेला. पाकिटावर चंबूचे चिन्ह आणि ‘आयएसओ ३७४-१’ (रसायनांपासून संरक्षणाचे मानक) पाहा. टाईप ए म्हणजे ठरावीक यादीतली किमान सहा रसायने प्रत्येकी ३० मिनिटे रोखली, बी म्हणजे तीन रसायने ३० मिनिटे, सी म्हणजे एकच, तेही १० मिनिटे. त्या यादीत हायड्रोजन सायनामाईड नाही, म्हणून टाईप ए दिसला की निर्धास्त होऊ नये; औषधाच्या लेबलवर कोणता मोजा सांगितला आहे ते आधी वाचावे. फवारणीच्या मोज्यांसाठी ‘आयएसओ १८८८९’ हे वेगळे मानक आहे. त्यातला जी१ फक्त पातळ केलेल्या औषधासाठी, जी२ डब्यातल्या मूळ औषधासाठीही. जीआर केवळ फवारलेल्या बागेत सुकल्यानंतरच्या कामासाठी. त्याचे संरक्षण तळव्यापुरतेच.

लिटरला ३०-४० मिली मिसळलेले द्रावण दिवसभर हाताळले जाते, पण सर्वांत मोठा धोका मिसळतानाच असतो. बाटलीतले सुमारे ५० टक्क्यांचे औषध कातडी जाळते. त्या वेळी मोज्यांबरोबर चष्माही हवाच.

मापाकडे कोणी बघत नाही. अंगठा सोडून तळव्याचा घेर मोजा: १८ सेंमी म्हणजे ७ नंबर, २० म्हणजे ८, २३ म्हणजे ९. दुकानात बहुधा ९ मिळतो आणि टोळीतल्या बऱ्याच बायकांना ७ लागतो. ढिल्या मोज्यात डोळ्यावर बोळा नीट टेकत नाही, मग त्या मोजा काढून ठेवतात. दोष त्यांचा नाही, खरेदीचा आहे.

ओलांड्यावर (तारेवर आडव्या पसरलेल्या वेलीच्या फांदीवर) काम करताना हात वर असतो, द्रावण मनगटावरून कोपराकडे उतरते. म्हणून बाही मोज्याच्या आत घ्या आणि मोज्याची कड दोन बोटे बाहेर दुमडा. ओघळ त्या घडीत अडकतो. हात खाली ठेवून फवारताना उलटे: बाही मोज्यावर.

सकाळी मोज्यात हवा भरून, तोंड पिळून, पाण्यात दाबा. बुडबुडा आला की मोजा फेकायचा. भोक नसले तरी रसायन हळूहळू आरपार जातेच, आणि उन्हात वेग वाढतो. नायट्राईल फुगले, चिकट झाले किंवा कडक पडले तर दुसरा जोड काढा. जेवणाच्या सुट्टीत मोजा हातातच साबणाने धुऊन मग काढा. आतून ओला झालेला मोजा वाळवून पुन्हा घालू नये: आतले औषध घामाने परत ओले होते.

कातडीवर सांडले तर लगेच १५-२० मिनिटे साबण-पाण्याने धुवा. लाली काही तासांनीही येते. पेस्टिंगच्या आदल्या दिवसापासून नंतर आठवडाभर दारू पूर्ण बंद, कारण हे औषध शरीरात दारूचे पचन अडवते: चेहरा लाल होतो, छाती धडधडते, डोके ठणकते, उलट्या होतात. असे झाले तर रुग्णाबरोबर औषधाचे लेबल घेऊन जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की हे सायनाईड नाही, सायनामाईड आहे. सायनाईडच्या उताऱ्याचा इथे उपयोग नसतो.